थांबायचं नाही

मैना बसली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं. एवढंच गौतमनं पाहिलं. पांढुर्ण्याच्या त्या जिनिंगच्या फाटकासमोर, रस्त्याच्या अलीकडे, टपरीवरचा चहा हातात धरून तो उभा होता. पलीकडे बायामाणसांची रांग भिंतीला पाठ लावून उभी होती. डिसेंबरची सकाळ, बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. कापसाच्या गाड्या रस्ताभर लागलेल्या, त्यांच्यावरून उडालेले पुंजके बायांच्या डोक्यांवर, शालींवर येऊन बसत होते आणि कोणी ते झटकतही नव्हतं. रांगेच्या टोकाकडून त्याची मुलगी पल्लवी निघाली होती. निळा गणवेश, केस घट्ट बांधलेले, डाव्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला काळी लॅब्राडोर मैना. आत कापसाचे डोंगर; एक ठिणगी पडली की सगळी राख. म्हणून विडी, तंबाखू, माचीस आत न्यायला बंदी, आणि ते शोधायला मैना; वास लागला की तिनं त्या माणसापुढे बसायचं. मैनाला शिकवलं गौतमनं, पल्लवीलाही त्यानंच. तिला न सांगता तो आला होता. जवळच्या एका बागायतदाराला संत्र्याच्या राखणीसाठी कुत्रं हवं होतं, त्याच्याकडे जाता जाता लेकीचं काम दुरून पाहावं, एवढाच विचार. पाहत होता आणि छाती भरून येत होती. काय चाल आहे पोरीची, पट्टा कसा सैल सोडलाय, खांदे कसे निवांत. आणि मग रांगेतल्या अंबाबाईपुढे मैना बसली. वॉचमननं अंबाबाईची पिशवी उपडी केली. डबा, फणी, डोक्याला बांधायचा रुमाल. बाकी काही नाही. तरी वॉचमननं तिला रांगेतून बाहेर काढलं आणि घरी जा म्हणून हात केला. टपरीवाला म्हणाला, "दुसऱ्यांदा बसलं जी कुत्रं त्या बाईपुढं. तिसऱ्यांदा बसलं का नाव कटते."

चहा तसाच राहिला. वास घेणारं कुत्रं तोंड मिटतं. धापा टाकताना हवा जिभेवरून जाते-येते, नाकात मुरत नाही. वास लागला की आधी जबडा मिटतो, मग बरगड्या भराभरा हलतात, मान खाली जाते, शेपटी ताठ होते, आणि सगळ्यात शेवटी बसणं. मैनाचं यातलं काहीच झालं नव्हतं. एवढ्या थंडीत तिची जीभ बाहेर लोंबत होती, आणि थंडीत कुत्रं धापा टाकतं ते फक्त जीव घाबरा झाला म्हणून. बसल्यावर तिनं अंबाबाईच्या पिशवीकडे पाहिलं नाही, पल्लवीच्या तोंडाकडे पाहिलं. आणि त्याच्याही आधी, अगदी आधी, पल्लवीचं पाऊल थबकलं होतं. थबकलं म्हणजे काय, दुसऱ्या कोणाला दिसलंही नसतं. चालताना दगड टोचावा तेवढंच. पण सारी उमर ज्यानं माणसांना हे एकच शिकवलं की पट्टा धरणाऱ्या हँडलरनं रांगेत थांबायचं नाही, सरावात लपवणारा वेगळा आणि शोधणारा वेगळा, कारण तुमच्या मनात एक नाव आलं तरी ते पट्ट्यातून खाली उतरतं आणि कुत्रं ते वाचतं, त्याच्या नजरेतून ते पाऊल सुटलं नाही. त्यानं स्वतःला सांगितलं, तुझीच नजर बरोबर नाही. इतक्या दुरून काय दिसतं. मधे गाड्या होत्या. पण अंबाबाई शाल डोक्यावर ओढून पुलाच्या दिशेनं चालू लागली, आणि तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही, तिच्या त्या न वळण्यात असं काहीतरी होतं की गौतमला तिला हाक मारता आली नाही.

अंबाबाई काही परकी नव्हती. पल्लवी कॉलेजसाठी सौंसरहून पांढुर्ण्याला आली तेव्हा बापलेक दिवसभर खोली शोधत फिरले होते. प्रत्येक घरी आधी चहा, मग गाव कोणतं, मग आडनाव काय, आणि आडनाव सांगितलं की खोली अचानक कोणा पाहुण्यासाठी राखलेली निघायची. गौतमला त्याची सवय होती. पण त्या दिवशी लेक सोबत होती आणि प्रत्येक उंबऱ्यावर तिची मान जराशी अधिक ताठ होत होती, ते त्याला पाहवत नव्हतं. शेवटी नदीपलीकडे सावरगावात ही अंबाबाई, जिनिंगमध्ये रोजीनं जाणारी, नवरा नसलेली बाई, दारात उभी राहून म्हणाली, "पोट्टी तिखट खाते का?" एवढंच विचारलं. दोन वर्षं पल्लवी तिच्या चुलीपाशी जेवली. ताप आला तेव्हा तिच्याच मांडीवर डोकं ठेवून निजली. आणि या हंगामात एका बाईचा पदर मशीनमध्ये गेला आणि हात कोपरापासून गेला तेव्हा, मशीनवरचं झाकण आधीच काढून ठेवलं होतं हे पाहणीला आलेल्या सरकारी माणसाला तोंडावर सांगणारी एकटी अंबाबाई होती. बाकी सगळ्या जमिनीकडे पाहत उभ्या होत्या. हे पल्लवीनंच घरी सांगितलं होतं, कौतुकानं सांगितलं होतं. निदान गौतमला तेव्हा ते कौतुक वाटलं.

पल्लवीला मिलनं फाटकाजवळच खोली दिली होती. त्याला दारात पाहून ती दचकली, मग हसली, मग हसणं मधेच राहिलं. मैनानं मात्र दोन्ही पंजे त्याच्या छातीवर टाकले आणि त्याचा कान चाटला. खोलीत सरकीच्या तेलाचा जड वास होता. पल्लवीनं गॅसवर चहा ठेवला, पाठमोरी.

"अंबाबाईपुढं बसली मैना," तो म्हणाला.

"हो."

"काय सापडलं?"

"काही नाही. रांगेत फेकून देतात बाबा, पायाखाली."

"मैनाचं तोंड उघडं होतं."

पातेल्यातला चहा वर आला, उतू जायला आला, तरी तिनं गॅस कमी केला नाही. मग केला. "तुम्ही कुठून पाहून राहिले होते?"

"समोरून. टपरीवरून."

"मला सांगून का नाही आले?"

त्याला वाटलं, प्रश्न तर आपण विचारायला हवा होता, तुझी तपासणी व्हायची वेळ यावी असं काय केलंस म्हणून. पण ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. थकवा होता, खूप दिवस वजन उचलून चालणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"कोणी सांगितलं तुला, थांब म्हणून?"

"कोणीच नाही. मॅनेजरसाहेब एवढंच म्हणाले, उस औरत पे ज़रा ध्यान रखना. एवढंच. मग माझ्या डोक्यात ती बसली. रांगेत शिरली की माझे पाय मोजायला लागायचे, आता अंबामावशी किती दूर आहे, आता किती. आणि तिथं आली की..." ती थांबली. "मी खोटं नाही बोलली, बाबा. एक शब्द नाही बोलली. मी फक्त थांबली."

"दोन वर्षं तिच्या हातचं खाल्लं तू."

"म्हणूनच तर तिच्या तोंडाकडे नाही पाहत मी. पायांकडे पाहते."

मैना दोघांच्या मधे फरशीवर आडवी झाली होती आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होती. पल्लवी म्हणाली, होळीनंतर हंगाम संपतो, मग मी आणि मैना दोघी घरी. आता साहेब पर्मनंट करून राहिले, सगळ्या फाटकांची सिक्युरिटी माझ्या हातात. या गावात कोणी माझं आडनाव विचारत नाही आता, मॅडम म्हणतात. "आणि तुम्ही एकदा नाही म्हटलं होतं ना? ती तुमची स्टेशनवरची गोष्ट. प्रत्येक बॅचला सांगता तुम्ही. जंबो पुढं निघून गेला अन् मी थांबलो नाही. त्याच्यानंतर काय झालं ते का नाही सांगत?"

ती गोष्ट. दूर पूर्वेकडचं एक स्टेशन, पावसानं भिजलेला फलाट, आणि तरुण गौतम, ग्वाल्हेरकडच्या सरकारी श्वान केंद्रातून नुकताच शिकून आलेला, जंबो नावाच्या कुत्र्याला घेऊन सामानाच्या रांगेतून चाललेला. एका पोराच्या पेटीजवळून जंबो नाक फिरवून पुढे गेला. साहेब म्हणाला, और एक बार घुमाओ. पुन्हा पुढे गेला. साहेब जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, यहाँ थोड़ा रुक के देखो. त्या पोराचे ओठ पांढरे पडले होते. गौतम रुकला नाही. तिसऱ्यांदा त्याच चालीनं गेला, जंबो त्याच चालीनं गेला, आणि त्या फलाटावर आपण कोणीतरी आहोत असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्यावर तो पुढची सगळी नोकरी जगला. पण नंतरचं? नंतर बदली, जिथं पत्र पोचायला महिना लागायचा अशा चौकीवर. मग बढतीच्या यादीत नाव नाही, पुन्हा नाही. बापाच्या मातीला पोचला नाही. सौंसरात बायको अमिता एकटी, पल्लवीला टायफॉइड, अंगणवाडीची नोकरी, सासूचं अंथरूण. हे तो कधी सांगत नसे, कारण त्याच्या मते ती दुसरी गोष्ट होती. आता या सरकीच्या वासाच्या खोलीत लेकीनं दोन्ही एकाला एक जोडून त्याच्यापुढे ठेवल्या, आणि तो पाहत राहिला की या बाजूनं आपली गोष्ट किती वेगळी दिसते. तरी आत कुठेतरी एक हट्टी गोष्ट हलायला तयार नव्हती. तो पोरगा घरी गेला होता. त्या पेटीत काही नव्हतं.

"उद्यापासून नको थांबू," तो म्हणाला. ते विनवल्यासारखं निघालं.

"पाहते," पल्लवी म्हणाली. पाहते म्हणजे नाही, हे बापाला समजतं.

बागायतदाराकडे तो गेलाच नाही. पाय पुलाकडे वळले. जाम नदीत पाणी घोट्याएवढं, काठावर धुण्याचा आवाज. अंबाबाई अंगणात उन्हाला बसून सुपात तूर पाखडत होती. त्याला पाहून तिनं सूप खाली ठेवलं आणि आधी पाणी आणलं. गौतम बाजेवर बसला. काय बोलावं ते रस्ताभर जुळवलं होतं. तिनंच सोपं केलं.

"मले समजलं होतं, भाऊ. पहिल्याच दिवशी. कुत्रं बसलं मंग पोट्टीचे पाय थांबले असते त येगळं. आधी पाय थांबले."

"मग बोलल्या का नाही? फाटकावर नाही, मला तरी."

"तुमाले?" ती हसली, वाईट हसणं नव्हतं ते. "तुमी कुत्र्याच्या नाकाचं सांगता तवा तुमचं तोंड कसं होते माहीत आहे का? लहान लेकरावानी. त्या तोंडाले मी का सांगू? अन् पोट्टी बी काही वैरी नाही माही. तिले वरून जोर आला असन. नाव कटलं त वावरात जाईन निंदाले. तुमी काही करू नोका."

गौतमनं पाणी न पिताच खाली ठेवलं. तिला सगळं माहीत होतं आणि तिनं त्याला वगळलं होतं, घरातल्या खुळ्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत तसं. पल्लवीनं केलं त्याची जखम एका जागी होती, तिच्यावर बोट ठेवता येत होतं. ही बाई मात्र मायेनं त्याचा हात धरून त्याला बाजूला उभं करत होती, इथून कडेकडेनं जा म्हणत होती. आपण ज्याला शिकवणं म्हणत होतो ते सगळ्यांना एखाद्या म्हाताऱ्याच्या छंदासारखं वाटत होतं की काय? बसमध्ये सौंसर येईपर्यंत तो हेच घोळवत राहिला. खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा जात होत्या, फळानं वाकलेल्या, खाली काठ्यांचे टेके दिलेल्या, आणि प्रत्येक बागेच्या कोपऱ्यावर कोणाचं ना कोणाचं कुत्रं बांधलेलं. त्यातली काही त्यानंच तयार केलेली. आज पहिल्यांदा त्याला त्यांच्याकडे पाहवेना. ती कोणाकोणावर भुंकतात, कोणाच्या सांगण्यावरून भुंकतात, हे आपण कधी विचारलंच नाही. विकत घेणारा चांगला माणूस आहे एवढं मानून चाललो.

घरी अमिता ज्वारी निवडत होती. त्याचं सांगून संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. आणि तिच्या त्या खाली घातलेल्या मानेवरूनच त्याला कळलं.

"तुला माहीत होतं."

"तिनं सांगितलं होतं मले. रडली होती."

"कधी?"

"आता कधीचं घेऊन का करता? मी म्हटलं, बाई, तुले जमते तसं कर, तुझ्या बापाले नको सांगू."

"अमिता, अंबाबाईंचं काम जाऊन राहिलं."

"मले का माहीत नाही? मलेही अन्न गोड नाही लागत. पण तुम्ही एकदा कुत्र्याचं खरं सांभाळलं, त्याचं सगळं मी भरलं. मी एकटीनं. मी नाही म्हटलं का काही? आता माह्या पोरीनं बी तेच भरावं का?" तिचा आवाज चढला नव्हता. ज्वारीतला एक खडा तिनं बाजूला टाकला. "तिले राहू द्या तिथं."

मागे कुत्र्यांच्या आवारात सगळी पिंजऱ्याला नाकं लावून उभी होती, खाण्याची वेळ टळून गेली होती. तो त्यांना खाऊ घालत फिरला आणि प्रत्येक कुत्रं त्याच्या तोंडाकडे पाहत होतं, रोज पाहतात तसंच. रोज त्याला ते प्रेम वाटायचं. आज वाटलं, ही विचारत आहेत, कुठं थांबायचं ते सांग. पल्लवी, अमिता, अंबाबाई, तिघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहून जगत होत्या आणि आपण एकटे नाकाबद्दल बोलत होतो. त्यानं पल्लवीला फोन केला. ती म्हणाली, ड्युटीवर आहे बाबा, मग बोलते. मग बोलली नाही. पुढच्या आठवड्यात टपरीवाल्याकडून फोनवर कळलं की अंबाबाई परत रांगेत यायला लागली आहे आणि कुत्रं अजून तरी तिसऱ्यांदा बसलेलं नाही. पण मॅनेजर हल्ली सकाळी स्वतः फाटकाशी येऊन उभा राहतो. गौतमनं त्याच दिवशी सौंसरच्या स्टँडवरून विडीचं एक बंडल घेतलं. जन्मात त्यानं विडी ओढली नव्हती, कुत्र्यांच्या नाकासाठी. बंडल सदऱ्याच्या खिशात ठेवलं तर तो वास दुसऱ्या दिवशी सकाळी बसभर त्याच्याच नाकात शिरत राहिला, तिखट, ओल्या पाल्यासारखा.

त्यानं स्वतःला असं सांगितलं होतं की आपल्याला फक्त मैनाला पाहायचं आहे. तिचं नाक मेलं आहे का जिवंत आहे. जिवंत असेल तर ती आपल्यापुढे बसेल, पल्लवी चमकेल, आपण हसून बंडल काढून देऊ, आणि लेकीला आठवेल की खरं बसणं कसं असतं. हे त्याला बसमध्ये खरं वाटत होतं. रांगेत अंबाबाईच्या अलीकडे, मधे दोन बाया सोडून भिंतीला पाठ लावली तेव्हा ते तितकंसं खरं वाटेना. वॉचमन ओळखीचा. कुत्र्याची परीक्षा घेता का मास्तर, म्हणून हसला. अंबाबाईनं त्याला पाहिलं आणि हळूच मान हलवली, नको म्हणून. फाटकापाशी मॅनेजर दोन्ही हात मागे बांधून उभा.

पल्लवी निघाली. तिनं बापाला रांगेत पाहिलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला, पण चाल मोडली नाही. गौतमला त्याही क्षणी, काय माणूस असतो, तिच्या त्या न मोडलेल्या चालीचा अभिमान वाटला. मैना जवळ आली. जीभ बाहेर, शेपटी त्याला ओळखून हललेली. आणि मग जीभ आत गेली. तोंड मिटलं. काळ्या नाकपुड्या थरथरल्या, बरगड्या भात्यासारख्या चालू लागल्या, मान त्याच्या खिशाच्या दिशेनं वर उचलली गेली आणि मागचे पाय वाकायला लागले. त्याच्या अंगावर काटा आला. मैना खरी होती. त्यानं घडवली होती तशी, जशीच्या तशी. तेवढ्यात पट्टा पुढं ओढला गेला. जोरानं नाही, नेहमीइतकाच. पल्लवी त्याच्याकडे न पाहता पुढं निघाली होती. बाप आला आहे, गयावया करायला आला आहे, त्याला काही न करता सोडून द्यावं, असं तिच्या मनात असेल, हे त्याला फार नंतर सुचलं. मैनानं एकदा खिशाकडे पाहिलं, एकदा पल्लवीच्या पाठीकडे. मग वाकलेले पाय सरळ केले आणि तिच्या हातामागे गेली. दोन बाया गेल्या. अंबाबाईपुढे पल्लवीचं पाऊल थबकलं आणि मैना बसली, जीभ बाहेर, धापा टाकत.

वॉचमन पिशवीला हात घालणार तोच गौतमनं खिशातून बंडल काढून तळहातावर धरलं. बोलायची गरज नव्हती, बंडल सगळ्यांना दिसत होतं. क्षणभर फक्त आतल्या मशीनची घरघर. मग रांगेतली एक बाई खुदकन हसली, मग दुसरी, आणि मग ते हसणं पाणी पसरावं तसं रांगेच्या टोकापर्यंत गेलं. "कुत्र्याले सर्दी झाली वो माय!" कोणीतरी ओरडलं. अंबाबाई हसली नाही. पल्लवीही उभी होती तशीच उभी, पट्टा हातात, आणि तिच्या मानेवर तो जुना ताठपणा येत चालला होता, उंबऱ्या-उंबऱ्यावर येत असे तो. मॅनेजर पुढे आला. बंडलाकडे पाहिलं, गौतमकडे पाहिलं, पल्लवीकडे पाहिलंच नाही. "आज डॉग की तबीयत ठीक नहीं है," तो म्हणाला. "लाइन अंदर लो."

अंबाबाईचं नाव राहिलं. तेवढ्या लोकांदेखत झाल्यावर ते कापणं जमलं नाही. पल्लवीला मात्र दुसऱ्याच दिवशी जा म्हणाले. तिनं सामान बांधलं तेव्हा गौतम मैनाला न्यायला गेला होता. खोलीतला सरकीचा वास तसाच होता. तिनं मैनाचं भांडं, ब्रश, चेंडू एका पोत्यात घालून त्याच्या हातात दिलं, अगदी नीट, काही न विसरता.

"मैनाला वास आला होता ना तुमच्या खिशातला?" तिनं विचारलं.

"हो. बसतच होती."

तिनं मैनाच्या पाठीवरून हात फिरवला. "मी तुम्हाला सोडून दिलं होतं, बाबा. तुम्ही मला नाही सोडलं."

नागपूरच्या बसमध्ये ती चढली तेव्हा त्यानं खिडकीपाशी जाऊन काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. पण बस आधीच हलली. पुढे कळलं ते अमिताकडून, तेही तुकड्यातुकड्यानं. कुठल्याशा मॉलच्या दारात उभी असते, सामान तपासते, कुत्रं नाही, हातातलं यंत्र आहे. तो फोन करायचा, घंटी वाजत राहायची. अमिता त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि आत निघून जायची. भांडली असती तर बरं झालं असतं. त्याला वाटायचं, आपण तर काहीच खोटं केलं नाही. आणि लगेच लेकीचा आवाज कानात, मी एक शब्द नाही बोलली. त्यानंही त्या सकाळी एक शब्द उच्चारला नव्हता. सगळ्यांनी मिळून त्याला अंधारात ठेवलं, लेकीनं, बायकोनं, त्या सावरगावच्या बाईनं, आणि आता अंधारातून बाहेर आल्यावर उजेडात कोणी उभंच नव्हतं. ही फसवणूक नेमकी कोणाची, कोणी कोणाला केली, हा हिशेब तो मैनाला फिरवताना मांडायचा आणि दर वेळी तो वेगळ्याच माणसाच्या नावावर निघायचा.

संक्रांत होऊन गेल्यावर पांढुर्ण्याच्या बाजारात अंबाबाई भेटली. भाजीच्या ओळीत, हातात मेथीच्या जुड्या. काम चालू आहे का, त्यानं विचारलं. म्हणजे निदान हे एक तरी ठीक झालं आहे का, असं त्याला विचारायचं होतं.

"चालू आहे ना, भाऊ." तिनं जुडी उलटीपालटी करून पाहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आता गेटवर एक बाई ठेवली त्याईनं. हातानं पाहते. पोलक्यात हात घालते, कमरेले चाचपते. सकाळी जाताना अन् सांजच्याले येताना, रोज. सुना आहे बाप्पा लाइनीत, लेकी आहे. तुमाले वाईट वाटन पण सांगतो, कुत्रं बरं होतं. अंगाले हात त लावत नोतं."

बाजूला कोणी संत्र्यांचा ढीग ओतत होतं, फळं घरंगळत रस्त्यावर येत होती आणि माणसं पायानं त्यांना मागं ढकलत होती. अंबाबाईनं दोन जुड्या भाजीवालीला परत दिल्या, दोन ठेवल्या, आणि त्यातली एक न विचारता त्याच्या पिशवीत टाकली.

"पल्लवी कशी आहे? जेवते का येळेवर? तिची सवय वाईट, कामात असली का जेवतच नाही."

"जेवते," गौतम म्हणाला. "परवाच फोन आला होता तिचा. तुमचं विचारत होती."

अंबाबाईनं वर पाहिलं. त्या सगळ्या गर्दीत, भाजीवाल्यांच्या ओरड्यात, तिचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू उजळत गेला.

"खरं?" तिनं विचारलं.

"खरं," तो म्हणाला.